ओपन सोर्स, राजकारण आणि आपला फोन: ताबा नेमका कोणाकडे असतो?

आपण मला विचारलेल्या मुख्य प्रश्नाचे दोन भाग आहेत. तंत्रज्ञान, आणि त्यातही ओपन सोर्स सॉफ्टवेअर (ज्याचा मूळ कोड कोणालाही पाहता, बदलता आणि वाटता येतो), राजकारणापासून अलिप्त राहिले पाहिजे असे आपले मत आहे आणि गेल्या काही वर्षांत ते तसे राहिले नाही, विशेषतः लिनक्समधून रशियाशी संबंधित नावे काढली गेली, याची आपल्याला खंत वाटते, हा पहिला भाग. रोजच्या वापरासाठी फोन, ब्राउझर किंवा संदेशांचे ॲप निवडताना सामान्य माणसाने या सगळ्याचा विचार करावा का, हा दुसरा. सर्व्हर सांभाळणे आणि ओपन सोर्स प्रकल्पांची देखभाल करणे या कामात बरीच वर्षे गेल्यावर माझे मत असे झाले आहे की राजकारण कोडमध्ये क्वचितच शिरते. ते शिरते कोडभोवतीच्या व्यवस्थेत. कोड कोणाच्या सर्व्हरवर ठेवला आहे, अपडेटवर डिजिटल सही कोण करतो, ॲप कोणत्या स्टोअरमधून मिळते, पैसा कोठून येतो आणि देखभाल करणारी माणसे कोणत्या देशाच्या कायद्याखाली राहतात, ही ती ठिकाणे आहेत. त्यामुळे परवाना खुला आहे एवढे पाहून समाधान मानू नये. ताबा कोठे आहे, आणि उद्या तो ताबा नको त्या हाती गेला तर आपल्याला आपली माहिती घेऊन बाहेर पडता येईल का, हे पाहावे.

परवान्यापासून सुरुवात करतो, कारण अलिप्ततेची अपेक्षा तेथूनच जन्म घेते. ओपन सोर्स म्हणजे काय याची सर्वमान्य व्याख्या ओपन सोर्स इनिशिएटिव्ह या संस्थेने १९९८ मध्ये स्वीकारली आणि तिचा पाया डेबियन या लिनक्स-आधारित सिस्टिमच्या प्रकल्पाने १९९७ मध्ये ठरवलेल्या मार्गदर्शक तत्त्वांचा होता. तिच्या पाचव्या कलमानुसार परवाना कोणत्याही व्यक्तीबाबत किंवा गटाबाबत भेदभाव करू शकत नाही आणि सहाव्या कलमानुसार वापराच्या क्षेत्राबाबतही करू शकत नाही. आपण लिहिलेला प्रोग्राम रुग्णालय वापरेल तसे सैन्यही वापरेल, आपल्या विचाराचा पक्ष वापरेल तसा विरोधी पक्षही वापरेल. अनेक संवेदनशील माणसांना हे सहन होत नाही आणि विशिष्ट वापरांना मनाई करणारे परवाने लिहिण्याचे प्रयत्नही झाले आहेत. त्यांच्या हेतूबद्दल मला आदर आहे, पण ही दोन कलमे जशी आहेत तशीच राहावीत असे मला ठामपणे वाटते. कोणी वापरावे हे ठरवण्याचा अधिकार एकदा लेखकाला दिला, की लेखकावर दबाव आणू शकणाऱ्या प्रत्येक सत्तेला तो आपोआप मिळतो. म्हणजे परवान्याची ही तटस्थता विचारपूर्वक घेतलेली राजकीय भूमिका आहे, आणि ती चांगली भूमिका आहे.

मात्र परवाना तटस्थ असला म्हणून वितरण तटस्थ राहत नाही. मे २०१९ मध्ये अमेरिकेच्या वाणिज्य खात्याने ह्युआवे या चिनी कंपनीचा समावेश निर्यातबंदीच्या यादीत केला. अँड्रॉइडचा मूळ कोड अपाची परवान्याखाली आणि त्यातील लिनक्स कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, जीपीएल परवान्याखाली आधीच खुला होता, त्यामुळे तो वापरण्यापासून ह्युआवेला कोणी रोखू शकले नाही. बंद झाल्या त्या गूगलच्या प्ले सेवा, ज्या खुल्या नाहीत. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आलेला मेट ३० हा फोन प्ले स्टोअर, नकाशे आणि जीमेल यांच्याशिवाय बाजारात आला आणि चीनबाहेरच्या ग्राहकांसाठी तो जवळजवळ निरुपयोगी ठरला. सूचना पोहोचवण्याची यंत्रणा, स्थान ओळखणे, खरेदीची पावती तपासणे यांसाठी बहुतेक ॲप्स त्या बंद सेवांवरच उभी होती. फोनमधला बहुतांश कोड खुला असतानाही फोनचा ताबा एका कंपनीकडे आणि तिच्यामार्फत एका सरकारकडे होता, हे त्या दिवसांत जगभर स्पष्ट दिसले.

बंद सॉफ्टवेअरच्या बाबतीत हीच गोष्ट अधिक कठोर होते. २०२४ मध्ये अमेरिकेने कॅस्परस्की या रशियन कंपनीच्या अँटिव्हायरसवर बंदी घातली आणि २९ सप्टेंबरनंतर त्याला अपडेट देण्यास मनाई केली. त्या सुमारास अमेरिकेतील अनेक ग्राहकांच्या संगणकांवर कॅस्परस्की जाऊन त्याच्या जागी अल्ट्राएव्ही नावाचे दुसरेच सॉफ्टवेअर आपोआप बसले. बंदी योग्य होती की नाही हा स्वतंत्र वाद आहे. ज्याच्या हाती अपडेट पाठवण्याची किल्ली असते तो आपल्या यंत्रावर काय असावे हे ठरवू शकतो, आणि त्या वेळी आपली संमती विचारली जाईलच असे नाही, एवढे मात्र त्यातून ध्यानात घेण्यासारखे आहे.

आता आपल्याला सर्वाधिक खटकलेल्या प्रकरणाकडे येतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये लिनक्स कर्नलच्या मेन्टेनरांच्या, म्हणजे कोडची देखभाल करणाऱ्यांच्या, यादीतून रशियाशी संबंधित काही नावे काढली गेली. कर्नलचे एक प्रमुख मेन्टेनर ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी पाठवलेल्या त्या बदलात कारण म्हणून अनुपालनाच्या (नियम पाळण्याच्या) विविध गरजा एवढाच उल्लेख होता आणि पुरेशी कागदपत्रे दिल्यास नावे परत घेता येतील असे म्हटले होते. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी निर्णयाचे जाहीर समर्थन केले. नंतर अमेरिकी निर्बंधांच्या यादीतील कंपन्यांशी असलेला संबंध हे कारण पुढे आले. निर्बंधांचा कायदा त्या देशात राहणाऱ्या माणसांना आणि तेथे नोंदलेल्या संस्थांना लागू होतोच, आणि त्यांनी तुरुंगाचा धोका पत्करावा अशी मागणी आपण दुरून करू शकत नाही. मला जे चुकीचे वाटले ते निर्णयाची रीत. ज्यांनी वर्षानुवर्षे फुकट वेळ दिला त्यांना नेमके कारण, लागू असलेला नियम आणि दाद मागण्याचा मार्ग पहिल्याच दिवशी लेखी मिळायला हवा होता. ज्या प्रकल्पात एका ओळीच्या बदलावरही आठवडेभर उघड चर्चा होते, तेथे माणसांविषयीचा निर्णय त्याहून कमी उघडपणे व्हावा, हे मला पटत नाही.

तरीही या प्रकरणात काय झाले नाही तेही पाहावे. त्या विकासकांनी लिहिलेला कोड कर्नलमध्येच राहिला. रशियातील कोणाचाही लिनक्स चालवण्याचा, बदलण्याचा किंवा वाटण्याचा हक्क गेला नाही. जुलै २०१९ मध्ये कोड ठेवण्याची सेवा देणाऱ्या गिटहबने इराण, सीरिया आणि क्रिमिया येथील वापरकर्त्यांच्या खासगी रिपॉझिटरी (कोडची भांडारे) आणि सशुल्क सेवा निर्बंधांमुळे बंद केल्या, तेव्हाही असाच फरक दिसला. गिटहब ज्यावर चालते त्या, कोडमधील बदल नोंदवणाऱ्या गिट या प्रणालीत प्रत्येक प्रतीबरोबर संपूर्ण इतिहास येतो, त्यामुळे ज्यांच्याकडे स्वतःच्या संगणकावर प्रत होती त्यांचा कोड वाचला. गेल्या त्या नोंदवलेल्या त्रुटी, चर्चा आणि सहकाऱ्यांशी जोडणारे धागे, कारण ते सर्व गिटहबच्या सर्व्हरवर होते. इराणसाठी हे निर्बंध जानेवारी २०२१ मध्ये, गिटहबने अमेरिकी सरकारकडून खास परवाना मिळवल्यावर, उठले. तेव्हापासून माझ्या देखरेखीखालील प्रत्येक प्रकल्पाची त्रुटीनोंद आणि चर्चा यांचीही प्रत मी दुसऱ्या ठिकाणी ठेवतो.

राजकारण थेट कोडमध्ये घुसल्याचे एक उदाहरण मात्र आहे आणि त्याविषयी माझे मत कठोर आहे. मार्च २०२२ मध्ये नोड-आयपीसी या जावास्क्रिप्ट लायब्ररीच्या (इतर प्रोग्राम वापरतात त्या तयार कोडच्या) मेन्टेनरने युक्रेन युद्धाचा निषेध म्हणून तिच्या काही आवृत्त्यांत असा कोड घातला की संगणकाचा इंटरनेट पत्ता रशिया किंवा बेलारूसमधील दिसला तर त्यावरील फायली पुसल्या जाव्यात. युद्धाविषयीच्या भावनेशी मी सहमत असलो तरी ही कृती मला अक्षम्य वाटते. इंटरनेट पत्त्यावरून माणसाची भूमिका कळत नाही. त्या पत्त्यामागे युद्धाला विरोध करणारा पत्रकार असू शकतो, किंवा एखाद्या मदतसंस्थेचा सर्व्हर. शिवाय त्यानंतर लायब्ररी अपडेट करावी की नाही असा संशय ज्या हजारो विकासकांच्या मनात निर्माण झाला, त्यांनी पुढे सुरक्षेची अपडेट घेण्यासही उशीर केला असेल, तर त्याची झळ संबंध नसलेल्या लोकांना बसते. निषेध करायचा असेल तर प्रकल्पाच्या माहितीपानावर खुशाल करावा. दुसऱ्याच्या यंत्रावर मिळालेला विश्वास त्यासाठी खर्च करण्याचा अधिकार कोणालाही नाही.

पैशाचा प्रश्न याहून शांत असतो, पण माझ्या मते तोच सर्वांत मोठा राजकीय प्रश्न आहे. २९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने जाहीर केले की एक्सझेड या संक्षेपण साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत बॅकडोअर, म्हणजे आत शिरण्याची लपवलेली वाट, आहे. दूरच्या संगणकात शिरण्याच्या एसएसएच लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे हे त्यांच्या लक्षात आले होते आणि त्यांनी त्याचा पिच्छा सोडला नाही. जिया टॅन हे नाव धारण करणाऱ्या खात्याने दोन वर्षांहून अधिक काळ उपयुक्त काम करून विश्वास मिळवला होता. दुसरीकडे काही अनोळखी खाती थकलेल्या एकट्या मेन्टेनरवर काम वाटून देण्यासाठी दबाव आणत होती. बॅकडोअरचा निर्णायक भाग सार्वजनिक रिपॉझिटरीत नव्हता. तो वितरणासाठी बनवलेल्या फाइलसंचात घातला होता. कोड सर्वांना दिसतो म्हणून तो सुरक्षित असतो असे मानणाऱ्यांनी हा तपशील नीट वाचावा. बहुतेक डिस्ट्रिब्युशन्सच्या, म्हणजे लिनक्सच्या तयार संचांच्या, स्थिर आवृत्त्यांपर्यंत हा प्रकार पोहोचण्याआधी सापडला, आणि तो एका बाहेरच्या माणसाला शोधता आला तो कोड खुला होता म्हणूनच. पण जगभरातील सर्व्हर ज्या साधनावर अवलंबून आहेत त्याची देखभाल एक माणूस मोकळ्या वेळात विनामोबदला करत होता, ही खरी त्रुटी होती. २०१४ मध्ये ओपनएसएसएल या इंटरनेटवरील माहिती एन्क्रिप्ट करणाऱ्या साधनातील हार्टब्लीड त्रुटी उघड झाली तेव्हाही हेच बोलले गेले होते, आणि दहा वर्षांनी पुन्हा तेच बोलावे लागले.

म्हणूनच सरकारने ओपन सोर्समध्ये लक्ष घालू नये ही भूमिका मला मान्य नाही. जर्मनीने २०२२ मध्ये सार्वजनिक पैशातून सॉव्हरिन टेक फंड सुरू केला आणि त्यातून नोम या डेस्कटॉप प्रकल्पाला २०२३ मध्ये दहा लाख युरो मिळाले. असा खर्च रस्ते आणि पुलांच्या दुरुस्तीइतकाच आवश्यक आहे. कायद्याचेही तसेच. युरोपीय संघाच्या सायबर रेझिलिअन्स ॲक्टचा पहिला मसुदा सप्टेंबर २०२२ मध्ये आला तेव्हा छंद म्हणून कोड लिहिणाऱ्यावरही उत्पादकाची जबाबदारी येईल अशी रास्त भीती होती. ओपन सोर्स संस्थांनी अधिकाऱ्यांशी आणि लोकप्रतिनिधींशी सतत बोलून तो बदलून घेतला. अंतिम कायद्यात बिगरव्यापारी काम वगळले गेले आणि प्रकल्पांना आधार देणाऱ्या संस्थांसाठी सौम्य जबाबदारीचा वेगळा वर्ग आला. कायदा डिसेंबर २०२४ मध्ये अमलात आला असून त्याच्या मुख्य अटी डिसेंबर २०२७ पासून लागू होतील. आम्हा लोकांना राजकारणाशी काय करायचे असे म्हणून सर्वजण घरी बसले असते, तर आज अनेक लहान प्रकल्प बंद करण्याची वेळ आली असती.

सरकारी निर्णयांचा टिकाऊपणा हा वेगळा विषय आहे. जर्मनीतील म्युनिक शहराने २००३ मध्ये लिनक्सकडे जाण्याचे ठरवले, २०१३ पर्यंत सुमारे १५,००० संगणक बदलले आणि २०१७ मध्ये नव्या राजकीय समीकरणात विंडोजकडे परतण्याचा ठराव केला. श्लेसविग-होल्श्टाइन या जर्मन राज्याने २०२४ मध्ये ३०,००० संगणकांवर लिबरऑफिस हे खुले कार्यालयीन सॉफ्टवेअर आणण्याचे जाहीर केले आहे. माझ्या मते अशा बदलात सुरुवात ऑपरेटिंग सिस्टिमपासून करू नये, ती फाइलच्या स्वरूपापासून करावी. ओडीएफ हे कागदपत्रांचे खुले स्वरूप २००६ पासून आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे. सर्व कागद त्या स्वरूपात आले की पुढे कोणते सॉफ्टवेअर वापरायचे हा निर्णय प्रत्येक निवडणुकीनंतर बदलला तरी कागद वाचता येत राहतात.

कंपन्यांच्या राजकारणाबद्दल थोडक्यात सांगतो. रेडिस या माहिती साठवण्याच्या सॉफ्टवेअरच्या कंपनीने मार्च २०२४ मध्ये आपला परवाना बंदिस्त केला, तेव्हा आठवडाभरातच लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली व्हॅल्की हा फोर्क (त्याच कोडपासून सुरू केलेला स्वतंत्र प्रकल्प) उभा राहिला आणि मे २०२५ मध्ये रेडिसला एजीपीएल हा खुला परवाना पुन्हा द्यावा लागला. ओरॅकलने सन कंपनी घेतल्यानंतर २०१० मध्ये ओपनऑफिसमधून लिबरऑफिस याच रीतीने वेगळे झाले. फोर्क करता येतो ही शक्यताच मालकाला मर्यादेत ठेवते. ज्या प्रकल्पावर काम करू शकणारी माणसे एकाच कंपनीत नोकरीला आहेत तेथे मात्र ही शक्यता कागदावरच राहते.

विकासकाची वैयक्तिक राजकीय मते आवडत नाहीत म्हणून त्याचे सॉफ्टवेअर टाळावे का, असेही आपण विचारले आहे. ज्याचे त्याने ठरवावे, पण मी मतांपेक्षा अधिकार पाहतो. ज्याची मते मला अजिबात मान्य नाहीत अशा माणसाने लिहिलेले, पण कोणालाही तपासता, बांधता आणि पुढे चालवता येईल असे साधन मी निःशंकपणे वापरतो. ज्याची मते माझ्याशी जुळतात, पण ज्याच्या हाती माझे सर्व संदेश वाचण्याची किल्ली आहे, त्याच्यापासून मी दूर राहतो. मते बदलतात, मालक बदलतात, आणि सरकारी आदेश कोणालाही येऊ शकतो.

संदेशांच्या ॲपमध्ये हाच निकष सर्वाधिक कामाचा ठरतो. टेलिग्रामच्या ॲपचा कोड खुला आहे, पण सर्व्हरचा नाही, आणि त्यातील नेहमीची संभाषणे एन्ड-टू-एन्ड एन्क्रिप्टेड, म्हणजे फक्त पाठवणाऱ्याला आणि घेणाऱ्यालाच वाचता येतील अशी, नसतात. ती सोय फक्त गुप्त चॅटमध्ये आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये संस्थापक पावेल दुरोव यांना फ्रान्समध्ये अटक झाली आणि सप्टेंबरमध्ये टेलिग्रामने वैध कायदेशीर मागणी आल्यास वापरकर्त्याचा फोन क्रमांक आणि इंटरनेट पत्ता देण्याविषयीचे धोरण व्यापक केले. याउलट सिग्नलकडे २०१६ मध्ये अमेरिकेतून न्यायालयीन मागणी आली तेव्हा खाते कधी उघडले आणि शेवटचे कधी जोडले गेले, एवढेच त्यांना देता आले, कारण बाकी काही त्यांनी साठवलेच नव्हते. संस्थेचा प्रामाणिकपणा महत्त्वाचा आहेच, पण जी माहिती अस्तित्वातच नाही ती कोणताही आदेश बाहेर काढू शकत नाही. सिग्नलचीही मर्यादा आहे: सर्व्हर एकाच संस्थेचे असल्याने एखादे सरकार ती सेवा आपल्या देशात अडवू शकते. संस्थेसाठी किंवा मोठ्या गटासाठी साधन निवडायचे असेल तर स्वतःचा सर्व्हर चालवता येणारी मॅट्रिक्ससारखी व्यवस्था विचारात घ्यावी. कुटुंबासाठी सिग्नल पुरेसे आहे.

ब्राउझरबाबत, क्रोमचा पाया असलेल्या क्रोमियमचा कोड खुला असला तरी त्याची दिशा गूगल ठरवते, हे मॅनिफेस्ट व्ही२ या जुन्या प्रकारची एक्स्टेन्शन्स (ब्राउझरला जोडायचे छोटे प्रोग्राम) क्रोममधून काढली गेली तेव्हा जाहिराती रोखणारे यूब्लॉक ओरिजिन वापरणाऱ्या सर्वांना कळले. फायरफॉक्समध्ये ते चालते. मात्र मोझिलाच्या उत्पन्नाचा मोठा भाग गूगलशी असलेल्या सर्चच्या करारातून येतो, म्हणजे पर्याय टिकवणारा पैसा प्रतिस्पर्ध्याकडूनच येतो. तरीही मी फायरफॉक्स वापरतो आणि इतरांनाही सुचवतो, कारण स्वतंत्र इंजिन (पान वाचून दाखवणारा गाभा) असलेले ब्राउझर आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेही उरलेले नाहीत.

फोनबाबत माझा सल्ला थोडा अनपेक्षित वाटेल. बहुतेकांनी ऑपरेटिंग सिस्टिम बदलण्याच्या भानगडीत पडू नये, कारण बँकेची आणि सरकारी ॲप्स पर्यायी सिस्टिमवर कधी चालतात, कधी अडतात, आणि ऐन गरजेच्या वेळी अडलेले ॲप फार महागात पडते. त्याऐवजी फोन घेताना सुरक्षेची अपडेट किती वर्षे मिळणार याची कंपनीने लेखी हमी दिली आहे का आणि बूटलोडर (फोन सुरू होताना सिस्टिम चालू करणारा प्रोग्राम) दुसरी सिस्टिम बसवण्यासाठी अधिकृतपणे उघडता येतो का, हे दोन प्रश्न विचारावेत. कंपनीने साथ सोडल्यावर दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी असेल तरच फोनला आणखी काही वर्षे मिळतात. गूगलने ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केले की प्ले स्टोअरबाहेरील ॲप्सच्या विकासकांनाही ओळख पडताळून घ्यावी लागेल. फसवणूक रोखणे हा त्यामागील हेतू खरा आहे, पण ओळख उघड केल्यास जिवाला धोका असलेले विकासकही जगात आहेत, आणि एफ-ड्रॉइडसारख्या स्वयंसेवी भांडाराने त्यावर घेतलेला आक्षेप मला योग्य वाटतो.

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असून टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नसल्यामुळे विंडोज ११ न चालणारे धडधाकट संगणक अनेकांकडे पडून आहेत. तेथे लिनक्स मिंट ही मोफत सिस्टिम न बसवता चालवून पाहण्यात फारसा धोका नाही. यूएसबीवरून आधी चालवून वायफाय, प्रिंटर आणि आवाज नीट चालतात का ते तपासावे आणि मगच कायमचे बसवावे.

शेवटी, कोणतेही साधन ठेवावे की सोडावे हे ठरवण्याआधी एक काम करून पाहावे. आपल्या महत्त्वाच्या सेवांमधून, म्हणजे फोटो, संपर्क, पासवर्ड, नोंदी आणि कागदपत्रे जेथे आहेत तेथून, सर्व माहिती बाहेर काढावी आणि ती दुसऱ्या एखाद्या प्रोग्राममध्ये खरोखर उघडून बघावी. जी सेवा माहिती बाहेर देत नाही, किंवा देते पण ती दुसरीकडे उघडत नाही, ती आधी बदलावी. बाकीच्यांना घाई नाही.